खेचराची पुरणपोळी

आमच्या शेजारच्या कोकरे सरांनी गेल्या पोळ्याला एका खेचराला पुरणपोळी खाऊ घातली. घालू देत बाई, त्यांचं खेचर, त्यांची हौस, असं म्हणून मी सोडूनही दिलं असतं. पण खेचर वीटभट्टीवाल्याचं होतं आणि पुरणपोळी माझी होती.

शेजारधर्म म्हणून मी पोळ्यांवर चांगलं तूप सोडून ताट झाकून त्यांच्याकडे दिलं. जरा वेळानं दारातून बघते तर सर नदीच्या रस्त्यानं निघालेत, हातात माझं ताट आणि खांद्यावर झेंडूची माळ! मी तशीच अनवाणी मागं पळाले. आमच्या शिरूरला घोडनदीच्या कडेला वीटभट्ट्या आहेत, पावसाळ्यात त्या बंद असतात, तेव्हा खेचर मोकळंच चरत होतं. सरांनी त्याच्या गळ्यात माळ घातली, कपाळाला कुंकू लावलं आणि माझी पोळी त्याच्या तोंडाशी धरली. मेल्यानं ती एका घासात गिळली आणि वर ताटातलं तूपही चाटलं.

"अहो सर, पोळा बैलांचा असतो!" मी ओरडले.

"बैलाला पिल्लं होतात का, शैलाताई?"

"आं?"

"बैल खच्ची केलेला असतो. त्याला पिल्लं होत नाहीत. खेचरालाही होत नाहीत. मग सण एकाचा आणि दुसऱ्यानं नुसत्या विटा वाहायच्या, हा कुठला न्याय?"

आणि भर रस्त्यात, नदीवर धुणं धुणाऱ्या बायामाणसांदेखत, त्या निवृत्त शिक्षकानं मला बैल कसा खच्ची करतात ते सविस्तर सांगितलं. माझ्या कानातून वाफा निघायच्या बाकी होत्या. ताट हिसकावून घेतलं आणि खाली मान घालून घरी आले.

मी घरी ब्लाऊज शिवते. माझ्या शिवणयंत्राची खोली आणि सरांची पुढची खोली यांच्यात एकच भिंत आहे, त्यामुळं अर्धं जीवशास्त्र माझं आपोआप झालंय. सर ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवायचे. मूळचे मेंढपाळाच्या घरातले, वडील मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचे. आता धाकट्या भावाची पाटसला उसाची शेती आहे आणि मेंढरू म्हणाल तर औषधालाही नाही. सरांच्या घरात माणसं दोनच, सर आणि त्यांची बायको विमलताई. मूलबाळ नाही. विमलताई माझ्या ब्लाऊजांना हुक लावतात, काजं करतात. त्यांचं काज उलटं करून बघितलं तरी सुलटच वाटतं.

सरांचं सगळं आयुष्य एका वाक्याशी भांडण्यात गेलं. प्रजाती कशाला म्हणायचं, याची पुस्तकातली व्याख्या. ती ते फळ्यावर सुंदर अक्षरात लिहायचे, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. जे जीव आपापसांत प्रजनन करतात आणि ज्यांच्या पिल्लांनाही पुढं पिल्लं होतात, त्यांची एक प्रजाती. मग खडू टाकून मागं वळायचे. "परीक्षेत हेच लिहा आणि मार्क घ्या. आता वह्या मिटा. हे चूक आहे. साफ चूक!"

'साफ चूक' हे त्यांचं पालुपद. मी म्हटलं, सर, आज फार उकडतंय, की लगेच, "चूक. साफ चूक. हवा दमट आहे." मी म्हटलं, मेथी महाग झाली, तर "चूक. जुडी लहान झाली." 'बरोबर' हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. विमलताईंच्या हातची आमटी पिऊनसुद्धा ते नुसते "हं" म्हणायचे.

बरं, भांडण नुसतं तोंडी असतं तर चाललं असतं. सरांना पुरावे लागायचे, आणि ते पुरावे आमच्या जिवावर उठायचे. एकदा आमच्या ह्यांना स्कूटरवर बसवून माळावर घेऊन गेले. काय दाखवायला, तर म्हणे लांडगा आणि कुत्रा यांचं मिश्र पिल्लू. "पुस्तकवाले दोघांना वेगळं म्हणतात, पण यांची पिल्लं धडधाकट, आणि त्या पिल्लांनाही पिल्लं! आता बोला!" आमचे हे काय बोलणार? ते जनावर यांच्या मागं लागलं. हे घरी आले ते पॅन्टचा एक पाय गुडघ्यापर्यंत फाडून. मीच शिवून दिली, आणि शिवताना सरांच्या सात पिढ्या उद्धरल्या.

आणि ती न्हाणीतली गोष्ट तर सांगायलाच नको, पण सांगते. मी कपडे धुवायला गेले तर मोरीच्या तोंडाशी काळं, बारीक, गांडुळासारखं काहीतरी वळवळत होतं. पण गांडूळ एवढं चपळ नसतं. मी अशी किंकाळी फोडली की सर बनियनवरच धावत आले. त्यांनी ते खुशाल तळहातावर घेतलं आणि त्यांचा चेहरा लग्नातल्या नवरदेवासारखा फुलला.

"वाळा! शैलाताई, हा वाळा साप. बिनविषारी. साप काय म्हणतोय मी, ही बाई आहे. यांच्यात नर नसतोच. सगळ्या बायाच!"

"अगं बाई! मग पिल्लं?"

"एकटीच अंडी घालते. पिल्लं होतात, त्याही पोरीच."

मी मोरीच्या कठड्यावर मटकन बसले. असलं काही देवानं केलंय आणि ते माझ्याच न्हाणीत राहतंय, हे पचायला मला दोन कप चहा लागला.

"आता व्याख्येप्रमाणे बघा," सर म्हणाले, "आपापसांत काही नाहीच, म्हणजे हिला प्रजातीच नाही. पण ही आहे ना? तुमच्या न्हाणीत आहे ना?" हे ते माझ्याशी बोलत होते, पण आवाज मात्र भिंतीपलीकडं पोचेल एवढा चढवलेला. तसं त्यांचं नेहमीचंच होतं. बोलायचे आमच्याशी आणि तोंड कायम त्यांच्या स्वयंपाकघराकडं. पाटसहून ऊस लावून आले तेव्हाही दारात उभं राहून तेच. या उसाचे पूर्वज वेगवेगळ्या प्रजातींचे, हा संकर आहे. याचं बी कुणी पेरत नाही, कांड्याची टिपरी पुरायची. उलट उसाला तुरा आला की शेतकरी कपाळाला हात लावतो. "अख्खा दौंड तालुका यावर जगतोय, आणि पुस्तकाला विचाराल तर हा कोण, ते धड सांगता येत नाही!" आत विमलताई भाकरी थापत असायच्या. त्यांच्या थापण्याचा ठेका तेवढा क्षणभर थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा.

तर माझी लेक अश्विनी सातव्या महिन्यात माहेरी आली. डोहाळजेवण ठरलं आणि तिनं आल्या आल्या जाहीर केलं, "पहिली ओटी विमलकाकूच भरणार." भरणारच. मी दिवसभर मशीनवर, तेव्हा ही पोर वाढली कुठं? त्यांच्या मांडीवर. तिची पहिली वेणी त्यांनी घातली, बारावीच्या अभ्यासाला दूध त्यांनी दिलं. ती आजारी पडली की मी रडायची आणि विमलताई काढा करायच्या.

डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी कवठे येमाईहून फोन आला. अश्विनीच्या नवऱ्याची आत्या, सासरकडची सगळ्यात वडील बाई. तिचा शब्द तिकडं कुणी मोडत नाही.

"पहिली ओटी लेकुरवाळीनं भरायची असती," आत्याबाई म्हणाल्या. "त्या मास्तराच्या बायकूला फुडं करू नका. तिची कूस उजवली न्हाई. पोरीला नवस-सायासानं दिवस गेल्यात."

माझ्या हातातून कात्री पडली. ज्या बाईला व्हिडिओ कॉलवर नातवाचं तोंड बघितल्याशिवाय जेवण जात नाही, ती बाई असं बोलते? मी म्हटलं, "आत्याबाई, ओटी माझ्या लेकीची आहे, मी बघते काय ते," आणि फोन ठेवला. विमलताईंना यातलं अक्षर कळू द्यायचं नाही, असं मी आणि अश्विनीनं ठरवलं.

संध्याकाळी विमलताई अश्विनीच्या हिरव्या ब्लाऊजला हुक लावून घेऊन आल्या. ब्लाऊज माझ्या हातात दिला, नीट घडी करून. मग म्हणाल्या, "शैला, उद्या मला यायला जमायचं न्हाई. दौंडला काम हाय."

"अहो ताई, काम परवा करा की!"

"न्हाई गं. उद्याच हाय."

त्या गेल्या आणि मी चिडले. असलं कसलं काम? मग एकदम आठवलं. समोरच्यांच्या सुनेच्या डोहाळजेवणालाही यांना दौंडला काम होतं. कोपऱ्यावरच्या बारशाला दौंड. हिच्या, तिच्या, गल्लीतल्या एकूणएक ओटीभरणाला दौंड! इतकी वर्षं शेजारी राहून हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? मला काही नीट झोप लागली नाही.

सकाळी पाट मागायचं निमित्त करून मी त्यांच्याकडं गेले. सर पुढच्या खोलीत नुसते बसले होते. समोर पेपर घडीचा घडी पडलेला.

"ताई कुठंयत?"

"एसटी स्टँडवर गेली. दौंडला काम आहे."

"कसलं काम, सर? आज मला खरं सांगा."

सरांनी पेपर उचलून पुन्हा खाली ठेवला. मला वाटलं 'साफ चूक' म्हणून उडवून लावतील.

"काही काम नाही," ते म्हणाले. "भाऊ तिकडं पाटसला, दौंडला आमचं कुणी नाही. रेल्वे स्टेशनवर जाते. बाकावर बसते, गाड्या बघते, डबा खाते आणि संध्याकाळच्या एसटीनं परत येते."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी एकदा मागं गेलो होतो. पलीकडच्या फलाटावर खांबाआड बसलो होतो."

मी उंबऱ्यावरच बसले. इकडच्या फलाटावर ती, तिकडच्या फलाटावर हा, आणि मधून गाड्या जातायत!

मग सरांनी मान खाली घालूनच सांगितलं. लग्नाला काही वर्षं झाली होती. दवाखाने, देवऋषी, सगळं करून झालं होतं. घरचे म्हणत होते, दुसरी करा. सरांनी त्यांना हाकलून दिलं. विमलताई तेव्हा सरांच्या पुस्तकांना कव्हरं घालायच्या आणि घालता घालता वाचायच्या. एका दिवशी त्यांनी ते पान वाचलं. प्रजातीची व्याख्या, आणि खाली खेचराचं उदाहरण. खेचराला पुढं प्रजा होत नाही, म्हणून त्याची वेगळी प्रजाती धरत नाहीत.

"मला म्हणाली, अहो, हे आपलंच लिहिलंय की. मी त्या खेचरावानी. कशातच न्हाई." सरांनी पेपर बाजूला सारला. "मी म्हटलं, विमल, ते माणसाला लावायचं नसतं, आणि ती व्याख्याही धड नाही. ती म्हणाली, छापलंय की! छापलेलं खोटं कसं असंल? तेव्हापासून मी पुरावे गोळा करतोय, शैलाताई. एकदा तिला पटावं म्हणून."

अरे देवा! म्हणजे ते खेचर, तो वाळा, तो ऊस, आमच्या ह्यांची फाटलेली पॅन्ट, सगळं त्या भाकरी थापणाऱ्या बाईसाठी? मला रडू आलं आणि तेवढाच रागही आला.

"उठा सर! स्कूटर काढा!"

स्टँडवर दौंडची गाडी लागलेली होती. विमलताई खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर डब्याची पिशवी. सर धडपडत गाडीत चढले, मागून मी.

"विमल, उतर. अगं, ती व्याख्या..."

"सर!" कंडक्टर एकदम आनंदानं ओरडला. "मी बारावीला तुमच्याकडं होतो! प्रजातीची व्याख्या ना? अजून पाठ हाय. जे जीव आपापसांत प्रजनन करतात आन्..."

"चूक! साफ चूक!" सर एवढ्यांदा ओरडले की अख्खी गाडी मागं वळून बघायला लागली. पुढच्या सीटवरच्या आजीबाईंनी कोंबडीची पिशवी छातीशी धरली.

"अहो, लोकं बघत्यात," विमलताई पुटपुटल्या.

"बघू देत! विमल, वाळा सापाला नर नसतो. उसाचं बी कुणी पेरत नाही. बैलाला..."

"ठावं हाय मला." विमलताईंनी मान वर केली. मी त्यांना एवढ्या वर्षांत आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. "समदं ठावं हाय. खेचर ऐकलं, लांडगा ऐकला, ऊस ऐकला. मी काय बहिरी हाय? तुम्ही साऱ्या गावाला सांगत बसलात. पर 'विमल, माझ्यासंगं चल, कोण काय बोलतंय ते मी बघतो,' असं एकदा तरी म्हणालात? मी पिशवी घिऊन निघायची आन् तुम्ही पेपर वाचायचात."

ते कोकरे सर, ज्यांच्याकडं प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार असतं, ते गाडीचा दांडा धरून नुसते उभे.

"विमल," शेवटी ते हळू म्हणाले, "माझ्यासंगं चल. मी बघतो."

विमलताई उठेनात. पिशवीच्या बंदाशी बोटं चाळवत बसल्या. "मावशी," कंडक्टर म्हणाला, "तिकीट अजून काढलं न्हाई मी. उतरा तुम्ही." तेव्हा कुठं त्या उठल्या.

दुपारी बायकांनी घर भरलं. अश्विनी हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून पाटावर बसली. विमलताई ओटीचं ताट घेऊन पुढं झाल्या आणि आत्याबाई खुर्चीतून बोलल्याच, "शैला, मी काय सांगितलं व्हतं?" विमलताईंचा हात तिथल्या तिथं थांबला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सर आत घुसले.

बायकांच्या कार्यक्रमात पुरुष! सगळ्यांनी पदर सावरले. सरांनी ताटातलं केळं उचललं आणि आत्याबाईंच्या नाकासमोर धरलं.

"आत्याबाई, हे ओटीत कशाला?"

"फळ हाय. ओटीत फळ घालत्यात. मास्तर, तुमी भायेर व्हा."

सरांनी केळं सोललं. भर कार्यक्रमात, ओटीचं केळं! मी डोळेच मिटून घेतले. उघडले तेव्हा त्यांनी त्याचे दोन तुकडे केले होते.

"यातलं बी दाखवा."

आणि आत्याबाईंनी खरोखरच चष्मा नीट करून आत बघितलं. "केळात बी कुठनं आसंल?"

"नाही ना? हे पेरून झाड येत नाही. याला पुढं काही नाही. तरी तुमच्या ओटीत हे लागतंच. याला चालतं म्हणता," सरांनी विमलताईंकडं हात केला, "मग माझी विमल का चालत नाही?"

केळ्याचा एक तुकडा सरांच्या हातातून माझ्या नव्या चटईवर पडला. आत्याबाई सरांकडं बघत होत्या, मग विमलताईंकडं, मग पुन्हा केळ्याकडं. मला वाटलं, आता ही बाई उठून जाणार आणि माझ्या लेकीला जन्मभर ऐकून घ्यावं लागणार.

"आसं मला कुणी कवा इचारलंच न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. जरा वेळानं चष्मा काढून पदरानं पुसला. "भर गं बाई, तूच भर पहिली. न्हाईतर ह्यो मास्तर समदी केळी सोलून ठिवंल."

बायका हसल्या, मी रडले, अश्विनी दोन्ही करत होती. विमलताईंनी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, आणि सगळ्यात वर दुसरं, न सोललेलं केळं. अश्विनी पाया पडायला वाकली तर त्यांनी तिला अर्ध्यातच धरलं. "वाकू नगं, बाळा." आणि धरलेलं लवकर सोडलंच नाही. मी बाहेर गेले तर सर पायरीवर बसून उरलेलं अर्धं केळं खात होते. खात होते आणि रडत होते.

अश्विनीला मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं झालं, आणि त्या दिवशी दौंडला कुणाचंही काम निघालं नाही. दुपारी विमलताई मांडीवर पोर घेऊन बसल्या होत्या. सर चष्मा लावून वाकले आणि त्या एवढ्याशा तोंडाकडं असे निरखून बघायला लागले की मला चेष्टा सुचली.

"काय सर, कुठली प्रजाती?"

सरांनी घसा खाकरला. मी मनाशी म्हटलं, झालं, आता व्याख्या, मग खेचर, मग ऊस. पण त्यांच्या आधी विमलताईच बोलल्या. पोरीच्या मुठीतून आपलं बोट न सोडवता, वर न बघता.

"आमच्यातली हाय."

आता येणार 'साफ चूक', म्हणून मी वाटच बघत होते. सर सावकाश सरळ झाले. चष्मा काढला, बायकोकडं बघितलं.

"बरोबर," ते म्हणाले.

माझ्या हातातला चहाचा कप बशीत आडवा झाला.